आमसुली रंगाचा क्लब

लग्नसमारंभात कुणी विचारलं, "काकू, तुम्ही इथे अमेरिकेत काय करत होतात?" आणि मी "कापड रंगवत होते" असं सांगितलं, की समोरच्या मुलीचा चेहरा जरा पडतो. तिला वाटलेलं असतं निदान बँक, नाहीतर सॉफ्टवेअर. मग ती सावरून घेते आणि हमखास पदर माझ्यापुढे करते. "मग सांगा ना, ह्याचा कलर जाईल का?" मी पदर चिमटीत धरते, उलटा करून बघते आणि "पहिल्यांदा वेगळी धू" असं गंभीरपणे सांगते. खरं म्हणजे नुसतं बघून ते कुणालाच कळत नाही. पण डॉक्टरने नाडी धरली की निम्मं दुखणं कमी होतं, त्यातलीच ही गत.

मी सोलापूरची. लग्नाआधी एका चादरींच्या कारखान्यात रंगखात्यात होते. लग्नानंतर न्यू जर्सीत पार्सिपनीला आले, मुलं वाढवली, आणि ती मोठी झाल्यावर, दोन हजार एक साली, पॅटरसनमधल्या एका जुन्या रंगशाळेत, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, केमिस्ट म्हणून लागले. दोन हजार आठ साली ती बंद पडली. आता त्या इमारतीत लोक घरात न मावणारं सामान भाड्याने ठेवतात. मी त्या रस्त्याने गाडी नेत नाही.

आमच्या धंद्यात आनंद क्वचित वाट्याला येतो. हायसं वाटणं मात्र रोजचं. कापड एका मोठ्या बंद टाकीत जातं, त्यात रंग, मीठ, सोडा, गरम पाणी. एकदा झाकण लागलं की आत काय चाललंय ते दिसत नाही. इडल्या फुगल्या की बसल्या हे जसं झाकण काढल्यावरच कळतं, तसंच. रंग सगळीकडे सारखा चढला असला की जीव भांड्यात पडतो. ढगाळल्यासारखा, कुठे कमी कुठे जास्त असा निघाला, की मालक तुमच्याकडे बघतो आणि तुम्ही कपाटातल्या गडद रंगांकडे. कारण बिघडलेलं कापड वाचवायचा जगभर एकच उपाय आहे. त्याच्यावर आणखी गडद रंग चढवायचा. फिका पिवळा बिघडला की त्याचा तपकिरी होतो, तपकिरी बिघडला की काळा. काळा बिघडला तर देवाचं नाव घ्यायचं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका देशी हॉटेलवाल्याने पांढरे टेबलक्लॉथ आणून टाकले आणि म्हणाला, "मॅडम, ह्यांना रस्सा सांडल्यावर येतो तोच रंग द्या, म्हणजे यार रोज धुवायला नकोत." मला तो माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत हुशार वाटला. पण मला लिहायचंय ते मिस्टर एत्तोरेंबद्दल.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात ते आमच्या ऑफिसात आले. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, भर जुलैत कोट आणि टाय. आयुष्यभर लोकांच्या घरांना प्लास्टर केलेले हात, आणि त्या हातांत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते माझ्या टेबलावर असं ठेवलं की मी आपोआप माझा कॉफीचा कप उचलून लांब नेला. आत एक जुनी लोकरीची फुटबॉलची जर्सी होती. रंग म्हणाल तर उन्हात विसरलेल्या विटेसारखा.

इटलीच्या उत्तरेला डोंगरातल्या एका दरीत त्यांचं गाव. मी त्याला इथे कास्तेलरोव्हो म्हणते, खरं नाव वेगळं आहे. गावात कापडगिरण्या, आणि गिरणी-कामगारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी काढलेला फुटबॉल क्लब. मला तोवर वाटायचं की इटलीत फुटबॉल म्हणजे टीव्हीवर दिसतात ते करोडोंचे खेळाडू. मिस्टर एत्तोरेंनी समजावून सांगितलं की ती फक्त वरची पायरी. तिच्याखाली दुसरी, तिसरी, चौथी, आणि त्याखाली अशा पायऱ्या, जिथे गोलकीपर सकाळी पाव भाजतो आणि दुपारी गोल अडवतो. कास्तेलरोव्होचा मुक्काम जन्मभर त्या खालच्या पायऱ्यांवर. मैदान नदीकाठी, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी पूर ओसरला की गोलपोस्टच्या आडव्या दांडीला गवत अडकलेलं दिसायचं. युद्धात कडाक्याच्या थंडीत गावाने गोलपोस्ट जाळून शेकोटी केली, आणि युद्ध संपल्यावर पाद्र्याने चर्चमधली दोन बाकं मोडून नवे करून दिले. एकदा, एकदाच, क्लब तिसऱ्या पायरीवर चढला आणि पुढच्या वर्षी खाली आला. आपल्याकडे लोक पेशवाईबद्दल बोलतात तसे मिस्टर एत्तोरे त्या एका वर्षाबद्दल बोलायचे.

अलीकडे बाहेरच्या एका शेटजीने क्लब विकत घेतला, मोठमोठ्या बाता मारल्या आणि दोन वर्षांत बुडवला. कोर्टाच्या भानगडीत जुनं नावसुद्धा अडकलं. गावकऱ्यांनी पुन्हा क्लब उभा केला, अगदी तळाच्या पायरीवर, वेगळ्या नावाने. जुन्यातलं काय उरलं होतं? फक्त रंग. म्हातारी मंडळी म्हणाली होती, नाव गेलं तर गेलं, पण पोरं आपल्या रंगात उतरली नाहीत तर आम्ही मैदानावर पाऊल ठेवणार नाही.

आता हा रंग मुळात आला कुठून? पॅटरसनमधून. मिस्टर एत्तोरेंचे वडील, पिएत्रो, त्या काळी बायकामुलांना गावात ठेवून इथे एका रंगशाळेत कामाला होते. क्लब निघाला तेव्हा गावाने त्यांना कळवलं की जर्सीसाठी लाल कापड पाठव. पिएत्रोंनी कापडाचा गठ्ठा पाठवला. तो उघडला तर आत लाल नव्हतंच. मिस्टर एत्तोरे त्याला द्राक्षाच्या दारूचा रंग म्हणायचे. मी अभ्र्यातली जर्सी उलटी केली, शिवणीची घडी उसवली, जिथे कधी ऊन पोचलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "अगं बाई, आमसुली." सोलकढी करताना आमसुलं भिजत घालतो, त्या भिजलेल्या आमसुलाचा रंग. दुसरं कापड घ्यायची ऐपत नव्हती म्हणून गावाने तेच शिवलं, आणि पुढे तोच क्लबचा रंग झाला.

गावाने त्याची गोष्टही बनवून टाकली. पिएत्रो त्या दिवशी पिऊन तर्र होता, त्याने रंगाच्या टाकीत दारूची बाटली ओतली. पुढे मिस्टर एत्तोरेंसारखे पॅटरसनला येऊन राहिलेल्या गावकऱ्यांचं इथे एक मंडळ आहे, आपल्या महाराष्ट्र मंडळासारखंच, भांडणांसकट. त्यांच्या वार्षिक जेवणात दर वर्षी सगळे उठून ग्लास उंचावतात, "पिएत्रोच्या बाटलीला!" त्यात पुढाकार मिस्टर एत्तोरेंच्या पत्त्यांतल्या जोडीदाराचा, जिनोचा. मिस्टर एत्तोरेसुद्धा उठून हसत हसत ग्लास उंचावतात. पन्नासहून जास्त वर्षं उंचावत आले होते.

"आता गावाने पुन्हा आमच्याकडेच कापड मागितलंय," ते मला म्हणाले. "आमच्या घराण्याची एक चूक गावाला पाठ आहे. दुसरी व्हायला नको."

आमचा मालक स्टॅन कपाळाला हात लावून बसला. एवढ्याशा कापडासाठी मशीन अडवायचं! शिवाय आमच्याकडे फक्त सुती होजिअरी रंगवली जायची. हल्लीचे खेळाडू घालतात ते हलकं, घाम उडवणारं कापड नव्हतंच. मी तसं सांगितलं, तर मिस्टर एत्तोरे म्हणाले, आमच्या वेळच्यांना लोकरीत घाम यायचा, ह्यांना सुतीत येऊ दे. स्टॅनची आजी पोलंडमधल्या अशाच कुठल्याशा गावची, त्यामुळे तो कुरकुरत का होईना तयार झाला.

रंग जुळवण्याआधी मी जर्सीच्या घडीतून एक धागा काढला आणि त्याचा पीळ सोडवून भिंगाखाली धरला. सवयच आहे ती, कुठल्या प्रकारचा रंग वापरलाय याचा अंदाज येतो. धागा वरून आमसुली होता. पीळ सोडवला तसा आतून लाल निघाला. स्वच्छ, पण कुठे गडद, कुठे फिका. मी दुसरा धागा काढला, तोही तसाच. मग मी खुर्चीत टेकून बसले, कारण मला पिएत्रोंचा तो दिवस डोळ्यांपुढे दिसायला लागला. त्यांनी लालच रंगवला होता. तो डागाळला. दुसरं कापड नाही, आणि गाव वाट बघतंय. मग माणसाने तेच केलं जे मी महिन्यातून दोनदा करत होते. वरून गडद चढवला, तोही इतक्या सफाईने की पुढे कुणाला खालचे डाग दिसले नाहीत. प्यायलेल्या माणसाला असलं काम जमत नाही. बिघडलेल्या कापडावर एकसारखा रंग चढवायचा तर हात आणि डोकं दोन्ही जाग्यावर लागतं.

मी मिस्टर एत्तोरेंना बोलावून भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग विचारलं, "तुम्हाला खात्री आहे?"

"मी तेच करून पोट भरते," मी म्हटलं.

त्यांनी धागा पाकिटात घडी घालून ठेवला. मला वाटलं, आता हा माणूस थेट मंडळात जाऊन जिनोच्या नाकावर टिच्चून सांगणार. तर नाही. ते म्हणाले, "आत्ता नाही. आधी कापड जाऊ दे. गावाला रंग पटला तर सांगीन. नाही पटला, तर ते म्हणतील बाप चुकला, मुलगा चुकला, आणि वर भाड्याची बाई आणून सारवासारव केली." भाड्याची बाई हे जरा लागलं मला, पण माणूस बोलत होता ते खरं होतं.

नमुना तयार झाला. शिवणीच्या घडीतला रंग आणि माझा रंग शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. मी खुशीत होते. मिस्टर एत्तोरे जिनोला घेऊन आले. जिनो म्हणजे बुटका, गोल आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. त्याने नमुन्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, हे पाद्र्याच्या मोज्यांसारखं दिसतंय, आपली जर्सी ही नव्हे. मी म्हटलं, जुन्या जर्सीची घडी समोर आहे, बघा ना. त्याने बघितली. म्हणाला, तीही नव्हे.

मी मिस्टर एत्तोरेंकडे बघितलं. त्यांनाही तो रंग ओळखू येत नव्हता. चेहरा उतरला होता त्यांचा. मी नमुना उजेडाच्या पेटीत धरून दाखवला, तिच्यात दुकानातला, घरातला, उन्हातला असे निरनिराळे उजेड लावता येतात. मग आपल्या बायका साडी घेऊन दुकानाच्या दारात जातात तशी दोघांना घेऊन मी सरळ रस्त्यावर गेले. उपयोग शून्य. जिनोचं एकच, ह्याहून खोल होता, ह्याहून खोल.

हात टेकून मी विचारलं की तुम्ही ही जर्सी बघायचात तेव्हा हवा कशी असायची? कुठे उभे राहायचात? दोघं एकदम सुरू झाले. नदीकाठचं मैदान, हिवाळाभर धुकं, नाहीतर रिपरिप. लोकर पाणी पिऊन एवढी जड व्हायची की खेळाडू शेवटी पळायचे कमी आणि ओढले जायचे जास्त. ते सांगत असताना मला आमच्या सोलापूरच्या मागच्या अंगणातलं पितळी पिंप आठवलं. आईचं इरकल त्यातून पिळून काढलं की रंग असा काही खोल दिसायचा की वाटायचं, आई हे ओलंच का नेसत नाही. आणि आमच्या धंद्याचा तर पहिला धडाच हा, की ओल्या कापडावरून रंग ठरवू नये, वाळल्यावर तो फिका दिसतो. ह्या दोघांनी तो लहानपणापासून ओल्यावरूनच ठरवलेला होता.

मी नमुना नळाखाली धरला, पिळला आणि टेबलावर पसरला. जिनोचा पट्टा बंद पडला. मिस्टर एत्तोरेंनी दोन बोटांनी कापडाला स्पर्श केला आणि म्हणाले, "हा."

झालं, जिनो म्हणाला, मग एवढा गडदच रंगवा. स्टॅनला कसलंच सोयरसुतक नव्हतं, त्याला मशीन मोकळं हवं होतं. पण मला ते पटेना. कोरडं कापड ओल्यासारखं रंगवलं, तर ते भिजल्यावर काळंठिक्कर दिसणार. मी दोन्ही बाजू सांगितल्या आणि निर्णय मिस्टर एत्तोरेंवर सोडला. "वडिलांनी पाठवलं तसंच पाठवा," ते म्हणाले. "भिजवायचं काम गाव करेल."

कापड गेलं, तिकडे शिवून झालं. सप्टेंबरातल्या एका रविवारी पहिला सामना ठरला. त्या आठवड्यात मी रोज इटलीतल्या त्या दरीचं हवामान बघत होते. पाऊस पडला तर रंग ओळखीचा दिसेल, म्हणून पाऊस हवा; आणि पाऊस पडला तर रंग उतरून खेळाडूंच्या पांढऱ्या चड्ड्या गुलाबी होतील या धास्तीने तो नकोही. तीनदा गरम पाण्यातून काढलं होतं कापड, तरी मन खातच होतं. आमचे हे म्हणाले, "तुझ्या माहेरी दुष्काळ पडला तेव्हासुद्धा तू इतक्यांदा वेदर चेक केलं नव्हतंस." त्याच दिवशी आमच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता आणि माझ्याकडे मोदकांची ड्यूटी होती. ती मी एका मैत्रिणीच्या गळ्यात मारली. अजून ऐकवते ती.

तिथली दुपार म्हणजे आपली सकाळ. आम्ही दोघं पॅटरसनला इटालियन मंडळाच्या हॉलमध्ये पोचलो तेव्हा सगळी म्हातारी मंडळी टेबलावरच्या फोनभोवती बसली होती. मिस्टर एत्तोरेंची चुलत बहीण रोझा तिकडे मैदानावरून बोलत होती, आणि फोनचा स्पीकर लावला होता. मिस्टर एत्तोरे मला इंग्रजीत सांगत होते. पहिली बातमी, कडक ऊन, आभाळात ढगाचं नाव नाही. दुसरी बातमी, म्हातारी माणसं आली आहेत, पण कुजबुजतायत. कुणीतरी म्हणालं, अमेरिकेने ह्या खेपेलाही चुकीचंच कापड पाठवलं. जिनोने ते ऐकलं आणि एरवी कधी गप्प न बसणारा माणूस खाली बघून साखर ढवळत राहिला. ते टोमण्यापेक्षा वाईट होतं.

मध्यंतर झालं. रोझा म्हणाली, काही लोक उठून घरी चाललेत. मिस्टर एत्तोरे उभे राहिले, फोनवर वाकले आणि इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. रोझाने परत विचारलं. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, चढ्या आवाजात. मी जिनोकडे बघितलं. तो मला म्हणाला, "सांगतोय, माळ्याला पाइप घ्यायला लाव. पोरांना भिजव."

मध्यंतरात तिथला माळी मैदानावर पाणी मारायचा. रोझा बाई खमकी असावी, कारण थोड्या वेळाने फोनमधून आरडाओरडा ऐकू आला, मग हसणं. जाड सुती जर्सीत उकडून निघालेली ती पोरं पाण्याखाली आनंदाने नाचायला लागली होती. आणि मग तो सगळा गलका हळूहळू थांबला. मला वाटलं, फोन बंद पडला. आमच्या ह्यांनी माझा हात धरला, चारचौघांत ते असं कधी करत नाहीत. फोनमधून रोझाचा आवाज आला, अगदी बारीक. मिस्टर एत्तोरेंनी ते आम्हाला लगेच सांगितलं नाही. खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं, मग म्हणाले, "सगळे उभे राहिलेत. गेलेले फाटकातून परत येतायत."

सगळा हॉल एकमेकांना मिठ्या मारत होता आणि मी मात्र ओरडत होते, "चड्ड्या विचारा! चड्ड्या पांढऱ्या आहेत का?" विचारलं त्यांनी. रोझा म्हणाली, बर्फासारख्या. तेव्हा कुठे मी बसले. गेल्या कित्येक वर्षांत मला एवढं हलकं वाटलं नव्हतं. सामना कास्तेलरोव्हो हरलं, ते जाता जाता कळलं.

गडबड ओसरल्यावर मिस्टर एत्तोरेंनी पाकीट काढलं. पत्त्यांच्या टेबलावर पांढरा रुमाल पसरला, त्यावर तो धागा ठेवला, वाचायच्या भिंगासकट जिनोपुढे सरकवला, आणि मी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. खालचा लाल, त्यावरचे डाग, वरून चढवलेला आमसुली. जिनोने भिंगातून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"म्हणजे पिएत्रो प्यायलेला नव्हता?"

"नव्हता," मी म्हटलं. "त्याने तुमचं कापड वाचवलं."

जिनो उठला. सकाळची वेळ, कुणापुढेच दारू नव्हती. त्याने कॉफीचा कप उचलला, बाकीचे उठायची वाट बघितली, आणि म्हणाला, "पिएत्रोच्या हाताला." सगळ्यांनी कप उंचावले. मिस्टर एत्तोरे तेवढे बसून राहिले. त्यांनी टायची गाठ सैल केली आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. एवढ्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच कोटाशिवाय बघत होते.

निघताना त्यांनी धाग्यासाठी हात पुढे केला, तर जिनोने रुमालाची घडी स्वतःच्या खिशात घातली. म्हणाला, थोडे दिवस राहू दे माझ्याकडे. आणि मिस्टर एत्तोरेंनी त्याला तो राहू दिला.